सीना आणि चान्या

तर झालं असं. मागच्या महिन्यात भाचा सुट्टीला आमच्याकडे आला होता. इकडे टेक्सासमध्येच शिकतो, आमच्या गावापासून तीन तासांवर. पोरगा येणार म्हणून मी शनिवारी रात्री ब्रिस्केट लावलं. रविवारी दुपारी दोन वाजता कापलं, आणि मी पहिला तुकडा तोंडात टाकायच्या आत त्याने फोटो काढून आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकलासुद्धा. खाली लिहिलं, "मामाच्या हातचं ब्रिस्केट. चौदा तास! बीफ."

अहमदपूरला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. सकाळी उठून सगळ्यांनी पाहिलं असणार. आमच्या ग्रुपवर कुणी वरणभाताचा फोटो टाकला तरी वीस अंगठे येतात. ह्या फोटोला एक नाही. कुणी काही बोललंच नाही. आणि इकडे रविवारी रात्री नऊला आत्याचा फोन आला. न हालहवाल, न काही. थेट, "ते आदी काढून टाक म्हण त्याला."

मी म्हटलं, काय झालं आत्या? आपल्या घरात काय नवीन आहे त्यात?

आत्या म्हणाली, "ग्रुपात कोण कोण हाय बघितलास का? तुमचं बरं हाय तिकडं. आम्हाला हितं ऱ्हायाचं हाय."

भाच्याने फोटो काढला. विषय तिथे संपायला हवा होता, पण माझ्या डोक्यातून गेला नाही. म्हणून हे लिहितोय. नातेवाईक मंडळी वाचतील हे माहीत आहे. आत्याला तिचा मुलगा वाचून दाखवेल. वाचू दे.

आधी त्या मांसाबद्दल सांगतो, कारण ज्यांनी ब्रिस्केट हा शब्द ऐकलेला नाही त्यांना पुढचं कळायचं नाही. ज्यांना नको असेल त्यांनी पाच परिच्छेद सोडून पुढे जावं, राग नाही.

ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचं मांस. आपल्याकडे खाटीक त्याला सीना म्हणतात. गाय-बैलाला माणसासारखं हासळीचं हाड नसतं. त्यामुळे पुढच्या अंगाचा भार छातीचे स्नायू पेलतात, आणि उभ्या जनावराचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या अंगावरच असतं. जन्मभर ओझं वाहिलेलं मांस ते. चिवट. तव्यावर टाकून दहा मिनिटांत खाऊ म्हणाल तर चपलेचा तळवा चावल्यासारखं लागेल. ह्या चिवटपणाचं कारण स्नायूंच्या मधलं कोलॅजेन. ते मंद आचेवर, तासन् तास, ओलावा राखून शिजवलं तरच विरघळून त्याचं जिलेटिन होतं. आणि मग तेच चिवट मांस बोटाने तुटतं. घाई केली की चिवटच राहतं. इतकं साधं गणित आहे आणि इतकंच अवघड.

निवडताना मी काय बघतो? अख्खं ब्रिस्केट पाच ते सात किलोचं असतं. त्यात दोन स्नायू एकावर एक बसलेले असतात. खालचा चपटा आणि कमी चरबीचा, त्याला इथे फ्लॅट म्हणतात. वरचा जाड आणि चरबीचा, तो पॉइंट. दोघांच्या मध्ये चरबीचा एक थर. बहुतेकांची फसगत चपट्या बाजूला होते. ती एका टोकाला कागदासारखी पातळ असेल तर ते टोक वाळून कोळसा होणार. म्हणून चपटी बाजू शेवटपर्यंत सारख्या जाडीची असलेलं ब्रिस्केट घ्यायचं. दुसरं, ते दोन्ही हातांवर आडवं धरून बघायचं. मधोमध वाकलं, दोन्ही टोकं खाली झुकली तर चांगलं. लाकडाच्या फळीसारखं ताठ राहिलं तर परत ठेवायचं. तिसरं, मांसात चरबीचे बारीक पांढरे धागे किती आहेत ते. इथे सरकारी प्रतवारी असते, सिलेक्ट, चॉइस, प्राइम. चॉइस चालतं. प्राइम मिळालं आणि खिशाला झेपलं तर उत्तम. सिलेक्टच्या नादी ह्या कामासाठी लागू नये.

घरी आणल्यावर वरची चरबी तासायची, साधारण पाव इंच ठेवायची. दोन स्नायूंच्या मधली कडक चरबी विरघळत नाही, ती शक्य तेवढी काढायची. मसाला म्हणजे जाडं मीठ आणि भरडलेली मिरी. बस्स. माझा पहिला आग्रह होता की काळा मसाला लावायचाच. लावला. चौदा तास धुरात राहून तो कडू झाला आणि पाहुण्यांनी तोंड वाकडं न करता खाल्लं, त्यांचे उपकार. शेजारचे म्हातारे गृहस्थ मला हे सगळं शिकवत होते. ते इतकंच म्हणाले की धूर हाच मसाला समज. तेव्हापासून मीठ-मिरी.

माझ्याकडे लोखंडी पिंपाची भट्टी आहे, बाजूला जाळाची वेगळी पेटी असलेली. जाळ पेटीत, मांस पिंपात, मध्ये फक्त गरम हवा आणि धूर जातो. लाकूड ओकचं, नीट वाळलेलं. आतली हवा ११० ते १२० अंश सेल्सिअसवर राखायची. धूर निळसर आणि पातळ हवा. पांढरा दाट धूर निघाला म्हणजे लाकूड नीट जळत नाहीये, आणि तो मांसाला कडवट करतो. चूल फुंकलेल्या कोणत्याही बाईला हे सांगावं लागणार नाही. :) मला मात्र शिकायला दोन ब्रिस्केटं आणि बायकोची बरीच बोलणी लागली.

आणि मग रात्रीची ती फजिती. मांसाच्या आतलं तापमान वर वर चढत जातं आणि ६५-७० अंशांच्या आसपास येऊन थांबतं. दोन तास, तीन तास, काटा हलत नाही. पहिल्या वेळी मला वाटलं थर्मामीटर बिघडला. मी जाळ वाढवला आणि सगळं घालवलं. होतं असं की मांसाच्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होत असते, आणि ती वाफ मांसाला गार ठेवते. माठातलं पाणी गार होतं तेच तत्त्व. पाणी सुटायचं कमी झालं की काटा आपोआप पुढे सरकतो. वाट बघायची किंवा ह्या टप्प्यावर मांस खाटकाच्या कागदात गुंडाळायचं. मी गुंडाळतो. ९५ अंशांच्या आसपास सळई लोण्यात जावी तशी आत गेली की काढायचं, आणि गुंडाळलेलंच निदान एक-दोन तास झाकून ठेवायचं. लगेच कापलं तर सगळा रस पाटावर. कापायचंही धाग्याला आडवं, आणि दोन स्नायूंचे धागे वेगवेगळ्या दिशांना जातात, तेव्हा मध्येच दिशा बदलायची.

असो. पाककृती झाली.

ह्या रात्री जागताना माणसाला काही काम नसतं. तासाला एक लाकूड टाकायचं आणि खुर्चीत बसायचं. अशाच एका रात्री पहाटे तीनला मला आजीची आठवण झाली. एकदम, वासावरून. ओकचा धूर बाभळीच्या धुरासारखा नसतो, पण धुरात चरबी ठिबकल्यावर येणारा वास सगळीकडे एकच.

आमचं घर अहमदपूरचं. जुन्या वस्तीतलं, मातीचं, पुढे पत्र्याचा सपर. आठवड्यातून एखाद्या वेळी आजोबा बड्याचं आणायचे. घरात त्याला नाव नव्हतं. "बाजार आणलाय" म्हणायचे, नाहीतर नुसतं "आणलंय". आम्हा पोरांना कळायचं. पिशवी कापडाची, आणि तिच्यावर कोथिंबिरीची जुडी. कोथिंबीर वरूनच दिसली पाहिजे अशी ठेवलेली. ती कोथिंबीर कशासाठी असायची हे मला बरंच मोठं झाल्यावर कळलं.

आजी खाटकाला नेमकं सांगून पाठवायची. रश्शाला सीन्याचं, हाडासकट. चान्यांना रानाचं, चरबी नको. चान्या म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बोटाएवढ्या रुंद, हातभर लांब पट्ट्या. कोवळ्या हाताने कापता येत नाहीत. मांसाचा गोळा फिरवत फिरवत, धाग्याच्या बाजूने, तुटू न देता उलगडत न्यायचा. मग मीठ, हळद, आणि दोरीवर उन्हात. आमच्याकडचं एप्रिल-मेचं ऊन तुम्हाला माहीत आहे. चाळिसाच्या वर पारा आणि हवा कोरडी ठणठणीत. दोन-तीन दिवसांत चान्या काठीसारख्या कडक. मध्येच आभाळ आलं तर दोरी घरात, चुलीच्या वर. पोरांचं काम कावळे हाकायचं आणि मांजरावर लक्ष ठेवायचं. त्याची मजुरी एक चाणी, निखाऱ्यावर भाजून, पाट्यावर ठेचून.

आता मला कळतं की त्यात किती अक्कल होती. मीठ पाणी ओढून काढतं, ऊन उरलेलं नेतं, आणि पाणीच नसल्यावर कुजवणाऱ्या जिवाणूंना वाढायला जागा नाही. चरबी वाळत नाही, खवट होते, म्हणून रानाचं मांस. पट्टी पातळ, म्हणून वरून वाळून आतून ओली राहात नाही. सीना ह्या कामाला निरुपयोगी, कारण तो चरबीचा. पण तोच सीना रात्री मडक्यात घालून, चुलीतल्या विझत्या निखाऱ्यांवर झाकून ठेवला की सकाळी हाड सुटलेलं असायचं. वर येसूर लावलेला लाल रस्सा आणि ज्वारीची भाकरी. म्हणजे मी इथे सात-आठशे डॉलरची भट्टी आणि दोन थर्मामीटर घेऊन जे शिकलो, की छातीच्या मांसाला मंद आच आणि रात्र लागते, ते आजी मडक्यात करत होती. तिला कोलॅजेन हा शब्द माहीत नव्हता इतकाच फरक.

नाही, इतकाच नाही. अजून एक फरक आहे आणि तो मोठा आहे. माझ्या भट्टीचा धूर कुंपणाबाहेर गेला की शेजारी हात वर करून विचारतात, "कधी होणार?" आजीच्या चान्यांची दोरी घराच्या मागच्या बाजूला असायची. रस्त्यावरून दिसणार नाही अशी.

ब्रिस्केटही काही जन्मतः राजेशाही नव्हतं. मध्य टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक लोक आले, त्यांनी मांसाची दुकानं टाकली. विकलं न गेलेलं मांस वाया जाऊ नये म्हणून ते धुरात शिजवायचे. लॉकहार्ट गावातलं क्रॉइट्झ मार्केट १९०० पासूनचं आहे. कापूस वेचायला येणारे मजूर, त्यात काळे आणि मेक्सिकन बरेच, हे मांस कागदावर घेऊन हाताने खायचे. भट्ट्यांपाशी राबणारे हात कितीतरी ठिकाणी काळ्या माणसांचे होते. १९ जून १८६५ ला टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनमध्ये गुलामांना मुक्तीची बातमी कळली, आणि त्या दिवसाचा सण ते लोक अजूनही आगीवर मांस भाजूनच करतात. ज्यू लोकांच्या घरीही सणाला ब्रिस्केट असतं. त्यांच्या धर्माच्या नियमात जनावराचा पुढचा भाग चालतो, आणि त्यातला छातीचा तुकडा स्वस्त होता. थोडक्यात, गरिबाचं मांस. आणि आज? ऑस्टिनमध्ये ॲरन फ्रँकलिनच्या दुकानासमोर लोक सकाळपासून खुर्च्या टाकून रांगेत बसतात. २०१५ साली त्या माणसाला जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला, अमेरिकेतल्या स्वयंपाक करणाऱ्यांचा हा मोठा मान. बार्बेक्यू करणाऱ्याला!

आता २०१५ हे साल लक्षात ठेवा. त्याच साली महाराष्ट्रात काय झालं? १९७६ च्या कायद्याने गाय कापायला बंदी होतीच. १९९५ साली विधिमंडळाने दुरुस्ती करून बैल आणि वळूही त्यात घातले होते, पण राष्ट्रपतींची संमती राहिली होती. ती २०१५ च्या फेब्रुवारीत आली आणि मार्चपासून कायदा लागू झाला. पुढच्या वर्षी, मे २०१६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने कापण्यावरची बंदी कायम ठेवली. मात्र राज्याबाहेर कापलेलं मांस नुसतं जवळ असणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. माणूस आपल्या घरात काय खातो हा त्याच्या खाजगीपणाचा भाग आहे, असा त्या निकालाचा एक धागा आहे. म्हैस आणि हल्या ह्या बंदीत नाहीत, तेही दाखल्याशिवाय कापता येत नाहीत ही गोष्ट वेगळी. म्हणजे कायद्याने आज माझ्या आत्याने हल्याच्या मांसाच्या चान्या घातल्या तर तो गुन्हा नाही. पण पिशवीतलं मांस कशाचं आहे हे रस्त्यात अडवणाऱ्याला कोण समजावणार?

आणि तिसरी गोष्ट, तीही २०१५ ची. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक त्या साली आलं. पाटोळे आपल्याच भागातले, उस्मानाबाद जिल्ह्यातले (आता धाराशिव). मराठवाड्यातल्या महार आणि मांग लोकांचं खाणं, त्याच्या कृतींसकट, त्यांनी लिहून काढलं. चान्या त्यात आहेत. मी ते पुस्तक मागवून घेतलं आणि चान्यांचं पान उघडून बराच वेळ नुसता बसलो. आजीची दोरी घराच्या मागे होती आणि इथे ती पुस्तकात, छापलेली. २०२४ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतरही आलं, भूषण कोरगावकरांनी केलेलं. माझ्या ऑफिसातल्या एका तमिळ मुलीने ते वाचून मला विचारलं, "तुमच्याकडे हे करतात का?" मी हो म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा ह्या प्रश्नाला पटकन हो म्हणालो. एरवी कॉलेजात, पुण्यात, पहिल्या नोकरीत मी "नाही हो, आमच्याकडे चिकन वगैरे, तेही रविवारी" असंच सांगत आलो. ही कबुली आहे, मिरवणं नाही.

आता मामाचं म्हणणं. फोटोचा विषय निघाल्यावर मामा म्हणाला, "बाबासाहेबांनी सोडा म्हणून सांगितलं ते तू परत धरतोस?" हा प्रश्न असा उडवून लावता येत नाही. मी त्यावर बरेच दिवस विचार केला.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडायला सांगितलं. शिळे तुकडे मागणं सोडा, मेलेली ढोरं ओढणं सोडा, असं ते सांगत होते. माझ्या पणजोबांनी ते सोडलं. आमच्या घरात ती गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि सांगितली जायलाच पाहिजे. ढोर मेलं की गावाने निरोप धाडायचा, आम्ही ओढून न्यायचं, आणि त्याचं मांस हीच मजुरी समजायची. त्या मांसाला चव असेलही, पण तिच्यात गावाची लाथ होती. ते सोडणं म्हणजे ताठ उभं राहणं होतं. पण आजोबा पिशवी घेऊन खाटकाकडे जायचे, पैसे मोजायचे, अमुक ठिकाणचं दे म्हणून सांगायचे. ते निवडायचे. पडलेलं उचलणं आणि निवडून विकत घेणं ह्यात मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. मामाला दिसत नाही. त्याचं म्हणणं असं की लोक हा फरक करत नाहीत, लोकांना दोन्ही सारखंच दिसतं, मग कशाला त्यांच्या हातात कोलीत द्यायचं? मामाने पस्तीस वर्षं शाळेत नोकरी केली आहे. स्टाफरूममध्ये डबा कसा उघडायचा हे त्याला माझ्याहून जास्त कळतं. त्याच्याशी मी वाद घालू शकतो, पण त्याला भित्रा म्हणू शकत नाही.

आणि आत्या. आत्याचा मुलगा लातूरला भाड्याने राहतो. घर बघायला गेला तेव्हा घरमालकाचा पहिला प्रश्न, "नॉनव्हेज खाता का?" तो म्हणाला, नाही. घर मिळालं. तो घरमालक आमच्या ग्रुपवर नाही, पण ग्रुपवर जी माणसं आहेत त्यातल्या दोघांची त्याच्याशी ऊठबस आहे. भाच्याचा फोटो फिरत फिरत तिथे गेला असता तर? मी टेक्सासमध्ये खुर्चीत बसून ताठ मानेने धूर काढणार, आणि पोरंबाळं घेऊन घर शोधत फिरणार तो. आत्याच्या त्या एका वाक्याने मला हे कळलं, "आम्हाला हितं ऱ्हायाचं हाय." माझ्या धाडसाची किंमत दुसऱ्याने भरायची असेल तर ते धाडस कसलं? भाच्यालाही मी तेच सांगितलं. तो चिडला. म्हणाला, मग आयुष्यभर लपवायचं का?

नाही. तेही मला मान्य नाही. आणि हेच मला सांगायचं आहे.

लपवणं आणि जपून बोलणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत्या जपून बोलते, कारण तिला धोका खरा आहे. पण माझ्यासारखे, ज्यांना धोका नाही, तेही जेव्हा "आमच्याकडे नाही हो खात" म्हणतात, तेव्हा आपण आत्याला मदत करत नाही. आपण तिला आणखी एकटं पाडतो. कारण मग खाणारे कुणीच उरत नाहीत, उरते फक्त तिची पिशवी. आणि दुसरं नुकसान त्याहून चोरपावलांनी होतं. जे नाव घेऊन बोलता येत नाही ते पोरांना शिकवता येत नाही. माझ्या बायकोला चान्या कापता येत नाहीत, बहिणीला येत नाहीत, मला तर नाहीतच. आईला येतात. आजी गेली तेव्हा तिच्याबरोबर काय काय गेलं ह्याचा हिशोब कुणी केलेला नाही. मांस कुठल्या कामाला कुठलं घ्यावं, किती मीठ, वारं कुठून आलं की दोरी कुठे बांधावी, रक्ती कशी, वजडी धुवायला किती पाणी आणि चुना किती... हे ज्ञान आहे. टेक्सासमधल्या लोकांनी त्यांचं हेच ज्ञान लिहिलं, त्याच्या शाळा काढल्या, त्यावर पुस्तकं आणि कार्यक्रम केले. आपण आपलं कोथिंबिरीखाली ठेवलं.

टेक्सासचं उदाहरण देताना एक सावधगिरीही सांगतो. इथेही भट्टीपाशी पिढ्यान् पिढ्या राबलेल्या काळ्या माणसांच्या वाट्याला मासिकांची मुखपृष्ठं फार कमी आली. उद्या पुण्या-मुंबईच्या एखाद्या झकपक हॉटेलात चान्या 'गावरान वारसा' म्हणून हजार रुपये प्लेटने मिळाल्या तर मला आश्चर्य वाटणार नाही. तेव्हा त्या मेन्यूत माझ्या आजीचं काय असेल? म्हणून आपलं आपण लिहावं असं मला वाटतं. आपल्या बोलीत, आपल्या मापाने. मिरवायला नको आणि लाजायलाही नको. भाकरी कशी करतात हे जसं सांगतो तसंच.

तर मी काय केलं? फार काही नाही. पुढच्या शनिवारी आईला फोन लावला आणि म्हटलं, आई, चान्यांचं नीट सांग, मी लिहून घेतो. आई आधी गप्प. मग, "आता कशाला रे ते?" म्हणाली. मी म्हटलं, लिहायचंय. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलली. आणि मग सुरू झाली ती चाळीस मिनिटं थांबली नाही. मला कधीच माहीत नसलेल्या गोष्टी. बहात्तरच्या दुष्काळात घरात डाळ नव्हती तेव्हा आजी एक चाणी ठेचून तिच्यावर आठ माणसांचं कालवण करायची. मूठभर चान्या मामाच्या गावी पाठवायच्या तर त्या लुगड्याच्या घडीत घालून पाठवायच्या, म्हणजे गाडीत वास येत नाही. मीठ मापाने नाही, "मांसावर दव पडल्यावानी दिसंल इतकं." हे मी वहीत तसंच्या तसं लिहिलं आहे.

शेवटी तिने विचारलं, "तू ते काय केलतास फोटोत? वरून काळं ठिक्कर झालतं, जळालं का?" मी म्हटलं, नाही आई, ते तसंच असतं, चौदा तास धुरात. सीना होता. तर म्हणाली, "सीना? मग त्याला चौदा तास कशाला? झाकून ठेवायचा निखाऱ्यावर अन् निजायचं. राखत काय बसायचं त्याला?"

पुढच्या वेळी मडक्यात करून बघणार आहे. तिच्या हिशोबाने. फोटो काढणार नाही. आत्या, काळजी करू नकोस. पण कुणी विचारलं काय शिजतंय, तर मी सांगणार आहे.